शेजाऱ्याला घर नको, सळई वेळेवर हवी

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळातली जवळजवळ पाच लाख घरं जमीनदोस्त झाली आणि आणखी अडीच लाख घरांना तडे गेले. नऊ हजारांच्या आसपास माणसं दगावली. दोन महिन्यांनी काठमांडूत देणगीदार देशांची परिषद भरली. तिथे आपल्या तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी एक अब्ज डॉलरची मदत जाहीर केली, त्यातला पाव हिस्सा अनुदान आणि बाकीचं कर्ज. सप्टेंबर संपता संपता मात्र भारत-नेपाळ सीमेवरच्या रक्सौल-बीरगंजच्या मितेरी पुलावर वाहतूक ठप्प होती आणि पुलाच्या अलीकडे, भारताच्या हद्दीत, ट्रकांची रांग मैलोनमैल लागली होती. ही कोंडी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालली. आधी परिषदेतला आकडा आणि मग पुलावरची रांग, या दोन गोष्टी एकाच वर्षात एकाच देशाकडून नेपाळच्या वाट्याला आल्या. माझं म्हणणं असं की घर पडलेल्या माणसाच्या हिशेबात दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा जड भरते. शेजारी देशाला घरांची तूट असेल, तर त्याला घरं बांधून देण्यापेक्षा बांधकामाचं लोखंडी सामान रास्त भावात, पूर्ण वजनाचं आणि न थांबता पोचत राहील एवढं पाहणं ही मोठी मदत आहे. तिचा फोटो निघत नाही, ही तिची अडचण.

नाकाबंदी कोणी केली, हा वाद अजून मिटलेला नाही. २० सप्टेंबर २०१५ ला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली, ती भारताला लागून असलेल्या सपाटीवरच्या मधेशी जनतेला मान्य नव्हती, आंदोलक पुलावर बसले. भारत सरकारचं म्हणणं होतं की वाहतूकदारांना सुरक्षित वाटत नाही म्हणून गाड्या थांबल्या. नेपाळी माणूस त्याला आजही ‘अघोषित नाकाबंदी’च म्हणतो. एका पुलावरच्या धरण्याने बाकीच्या नाक्यांवरचीही वाहतूक मंदावावी, हे मला काही पटलेलं नाही. पण सगळा दोष दिल्लीच्या माथी मारणंही खरं नव्हे. पुनर्निर्माण प्राधिकरणाचा कायदा वेळेत मंजूर न करता लटकत ठेवण्याचं काम नेपाळी राजकारण्यांनी स्वतः केलं. प्राधिकरणाला कायमचा प्रमुख मिळाला तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे भूकंपाला आठ महिने होऊन गेल्यावर. तो हिवाळा सिंधुपाल्चोक, गोरखा, दोलखा, रसुवा इथल्या लोकांनी ताडपत्रीखाली आणि पत्र्याच्या आडोशात काढला. इंधन नसल्यामुळे जो पत्रा काठमांडूत आला होता तोही डोंगरात चढेना.

पत्र्याबद्दल थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे पत्र्याचं घर म्हटलं की नाक मुरडलं जातं. भूकंपानंतर नेपाळ सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी कुटुंबामागे पंधरा हजार नेपाळी रुपये दिले, त्यातले बहुतेक पत्र्यातच गेले. मदतसंस्थांनीही पन्हाळी पत्र्यांची बंडलंच वाटली. तिकडे बंडल म्हणजे बहात्तर फूट पत्रा, दोन बंडलांत एका कुटुंबाचं डोकं झाकतं. ताडपत्री एका पावसाळ्यात विरते. पत्र्याचं तसं नाही. आज बांबूवर टाकलेला पत्रा दोन वर्षांनी पक्क्या भिंतींवर चढतो. डोंगरातल्या जुन्या घरांवर दगडी फरश्यांचं जड छप्पर असे, ते कोसळून आतली माणसं चिरडली गेली होती. हलका पत्रा त्याहून सुरक्षित. तात्पुरत्या मदतीतली ही बहुधा एकच वस्तू अशी आहे की जी कायमच्या घराचा भाग होते. आपत्तीनंतर परदेशांतून येणारे घडीचे तंबू, प्लॅस्टिकच्या खोल्या आणि कंटेनरची घरं यांच्याविषयी असं सांगता येत नाही.

पण कोणता पत्रा? सव्वीस गेजचा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला थोडा कमी. त्याहून पातळ पत्रा स्वस्त पडतो, आणि दिसायला सारखाच दिसतो. गेज निदान मोजता तरी येतो. जस्ताचा थर कुणी बघत नाही. आपल्या भारतीय मानकातच चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्तापासून २७५ ग्रॅमपर्यंतच्या प्रती आहेत, दोन्ही बाजू मिळून. दुकानात दोन्ही चकचकीतच असतात. फरक कळतो पाच-सहा पावसाळ्यांनंतर, तोवर विकणारा आणि वाटणारा दोघेही हिशेब बंद करून मोकळे झालेले असतात. पत्रा कशाने धरला आहे हाही प्रश्न असतो. साध्या खिळ्याने ठोकलेला पत्रा वाऱ्यात भोकातून फाटतो. त्याला आकड्याचा बोल्ट आणि खाली डांबरी वॉशर लागतो. ३१ मार्च २०१९ ला बीरगंजच्या अगदी शेजारी, बारा आणि पर्सा जिल्ह्यांत, चक्रवात म्हणजे टॉर्नेडो आला. नेपाळात अशी नोंद पहिलीच. त्यात पंचवीसहून अधिक माणसं गेली आणि छपरं शेतांतून विखुरली. आपल्या कोकणात जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरुडच्या लोकांनी पत्र्यासाठी आणि कौलांसाठी किती वणवण केली, ते तिकडचा कुणीही सांगेल. वॉशरची किंमत छपराच्या किमतीत धरतासुद्धा येत नाही इतकी कमी असते. मदतीच्या यादीतून ती आधी गळते.

भिंतींकडे वळू. इथे मराठवाड्यातल्या वाचकाला नेपाळ परका वाटणार नाही. किल्लारीत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे माणसं मेली ती भूकंपापेक्षा घरांमुळे. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर माळवदाचं मातीचं ओझं. भिंत जाड, पण आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की दोन्ही थर पोट फुगून सुटतात. गोरख्यातल्या बारपाकपासून दोलख्यापर्यंत पडलेली बहुतेक घरं याच जातीची. दोन्हीकडचा उपायही एकच, आणि तो फार महाग नाही. आरपार दगड घालायचे, जोत्यावर, खिडकीच्या खाली, दाराच्या वर आणि छपराखाली घराला वेढणारे पट्टे घ्यायचे, ते लाकडाचे चालतात किंवा सळई घातलेल्या काँक्रीटचे. कोपऱ्यात उभी सळई. दगड पडक्या घराचाच. बाहेरून यायचं ते सिमेंट, सळई, बांधणीची तार, खिळे, पत्रा, बिजागऱ्या, कडी-कोयंडे. एवढ्याच गोष्टी देशाबाहेरून किंवा डोंगराबाहेरून येतात, आणि घर पुढच्या भूकंपात उभं राहणार की नाही हे बहुतांशी यांवर ठरतं.

लातूर-धाराशिवमध्ये आपण दोन्ही प्रकार करून पाहिले आहेत. बावन्न गावं नव्या जागी उठवून वसवली. रुंद रस्ते, सरळ रेषा, ठेकेदाराने बांधलेली घरं. दुसरीकडे कितीतरी अधिक गावांत, पडझड कमी झालेली घरं लोकांनी स्वतः दुरुस्त करावीत, मजबूत करावीत यासाठी पैसा आणि सामान दिलं, आणि लोक आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून गावातल्याच बायका संवाद सहायक नेमल्या. पहिल्या प्रकाराची उद्‌घाटनं झाली. नव्या गावांत फिरलं की लोकांनी मागाहून जोडलेल्या पत्र्याच्या खोल्या, चुलीसाठी काढलेले आडोसे, गोठे दिसतात. आराखड्यात जनावराला जागाच नव्हती. माझ्या मते दुसऱ्या प्रकाराचं काम अधिक मोलाचं होतं, त्याच्याबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही.

नेपाळात या चुकीची आवृत्ती लाप्राकमध्ये निघाली. बारपाकशेजारचं हे गाव दरडीच्या भीतीने वर गुप्सीपाखा इथे हलवायचं ठरलं. परदेशस्थ नेपाळींच्या संघटनेने वर्गणी काढून तिथे पाचशेहून अधिक घरं बांधली. हेतूबद्दल शंका नाही. पण वर थंडी, वारा, पाण्याची ओढ, आणि शेतं राहिली खाली. तयार घरं कितीतरी काळ रिकामी पडून होती. बांधणाऱ्याने घराचा प्रश्न सोडवला, जगण्याचा सोडवला नाही. याच लोकांना खाली, त्यांनी निवडलेल्या जागेवर, सळई आणि सिमेंट खेचराच्या पाठीवरून आणून दिलं असतं तर? दरडीचा धोका खरा होता, त्यामुळे उत्तर सोपं नाही हे मान्य. तरी एवढ्या घरांचं सामान वर चढवताना ज्यांना तिथे राहायचं होतं त्यांचं मत सर्वांत हलकं ठरलं, हेही तितकंच खरं.

भारताने स्वतः नेपाळात घरांचं जे काम केलं ते मात्र शहाणपणाचं होतं, आणि आपल्याकडच्या बातम्यांत त्याला चार ओळींपेक्षा जास्त जागा मिळाली नाही. गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत पन्नास हजार घरांसाठी भारताने पैसा दिला. घरं भारतीय ठेकेदाराने बांधली नाहीत. घरमालकांनी स्वतः बांधली. नेपाळ सरकारच्या ठरावीक अनुदानाचे हप्ते त्यांना मिळत गेले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांचे अभियंते गावोगाव फिरून पाया, पट्टे, छप्पर तपासत राहिले. २०२१ मध्ये काम पुरं झालं. म्हणजे घर बांधून न देता घर बांधू देणं जमतं, हे आपल्याच पैशाने सिद्ध झालं आहे.

त्या अनुदानाची गोष्ट मात्र लोखंडाच्या भावाशी घट्ट बांधलेली होती. तीन लाख नेपाळी रुपये, म्हणजे आपले सुमारे पावणेदोन-दोन लाख, तीन हप्त्यांत: पन्नास हजार, दीड लाख, एक लाख. नेपाळी रुपया १९९३ पासून आपल्या रुपयाला १.६० ने बांधलेला आहे, त्यामुळे रक्सौलला भाव चढला की बीरगंजला तो चढतोच, मध्ये चलनाची गादी नाही. तीन लाखांत पूर्वीसारखं दोन मजली घर होत नव्हतं. दगड-मातीवरचा विश्वास उडालेला, ‘पिलर’वाल्या घरावर बसलेला. मग लोकांनी हिशेब केला आणि चार काँक्रीटच्या खांबांची एक खोली बांधली. हप्ता घेतला. शेजारी तडा गेलेलं जुनं घर तसंच ठेवलं, त्यात चूल आणि धान्य. अशा एक-खोली घरांनी डोंगर भरून गेले. ज्यांनी मोठं बांधलं त्यांनी सावकारी व्याजाने पैसा उचलला, आणि तो फेडायला घरातला मुलगा आखातात किंवा मलेशियाला गेला. काही मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांच्या फाटकांवरही आले असतील. सळईचा भाव किलोमागे पाच-दहा रुपयांनी हलला तर दिल्लीत कुणाला कळतही नाही. तिकडे त्याने खोल्यांची संख्या ठरते.

आणि सळई पूर्ण वजनाची असली पाहिजे. बारा मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरली पाहिजे, म्हणजे बारा मीटरचा नग साडेदहा किलोंहून थोडा जास्त. मानकाने या जाडीला पाच टक्के इकडे-तिकडे चालवून घेतलं आहे, ते यंत्राच्या मर्यादेसाठी. पण बाजारात ही सूट उणे बाजूलाच खर्ची पडते, हे जालन्यापासून जमशेदपूरपर्यंत लोखंडाच्या धंद्यातला प्रत्येक जण जाणतो. गिऱ्हाइकाला यात फसल्यासारखं वाटतही नाही, कारण माल वजनावर मिळतो. उलट तेवढ्याच वजनात नग जास्त येतात म्हणून तो खूश. पण अभियंत्याच्या नकाशात नग मोजलेले असतात, किलो नव्हे. खांबात चार बाराच्या सळया सांगितल्या तर चारच पडतात, आणि त्या बाराच्या नसतात. डोंगरात आणखी एक गोम आहे. बारा मीटरची सळई पाठीवर न्यायची कशी? ती दुमडतात किंवा कापतात. कापली की सांधा आला, आणि सांध्यावर दोन टोकं एकमेकांवर हात-दीड हात चढली नाहीत तर ती सळई असून नसल्यासारखीच. शिवाय खांबातल्या रिंगांची टोकं आत वळवलेली हवीत, नव्वद अंशांत नुसती मुडपलेली नकोत. चांगलं लोखंड वाईट हातात पडलं की पैसा तेवढा जातो. गवंडी शिकवणं हा पुरवठ्याचाच भाग मानला पाहिजे. भूकंपाआधी ज्या शाळांच्या इमारती मजबूत करून घेतल्या होत्या त्या काठमांडू खोऱ्यात उभ्या राहिल्या, ते लोखंड आणि हात दोन्ही बरोबर होते म्हणून.

आता यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. भारताने सामान पाठवत राहायचं म्हणजे नेपाळने कायम गिऱ्हाईकच राहायचं का? नाही. सिमेंटकडे पाहा. भूकंपाच्या वेळी नेपाळ क्लिंकर (जो दळून सिमेंट होतं तो भाजलेला खडा) आणि सिमेंट मोठ्या प्रमाणावर भारतातून घेत होता. पुढच्या काही वर्षांत चुनखडीच्या पट्ट्यात नेपाळी आणि चिनी भांडवलाचे कारखाने उभे राहिले, देश सिमेंटमध्ये स्वयंपूर्ण झाला, आणि जुलै २०२२ मध्ये सुनौलीच्या नाक्यावरून नेपाळी सिमेंट उत्तर प्रदेशात आलं. लोखंडाचं तसं होणार नाही, कारण पुरेल एवढं खनिज आणि कोळसा तिथे निघत नाही. पण सळई आणि पत्रा नेपाळात तयार होतोच. बीरगंज-सिमरा, भैरहवा आणि विराटनगरच्या पट्ट्यात रोलिंग मिल आणि पत्र्याचे कारखाने आहेत. ते आपल्याकडून बिलेट (सळई लाटायच्या पोलादी कांड्या) आणि कॉइल (पत्र्याची गुंडाळी) घेतात. २०२२ च्या नेपाळी अर्थसंकल्पात तयार बिलेट आणणाऱ्यांपेक्षा स्पंज आयर्न या कच्च्या लोखंडापासून देशात बिलेट करणाऱ्यांना झुकतं माप मिळालं, त्यावरून तिथे बरंच रणकंदन झालं. तो त्यांचा घरचा प्रश्न. आपण पाळायचा नियम साधा आहे. मदत म्हणून तयार सळई आणि पत्रा फुकट ओतायचा नाही. फुकट मालाने पहिला मरतो तो तिथला मिलवाला आणि दुसरा तालुक्याच्या गावातला हार्डवेअरचा दुकानदार, ज्याची उधारी घरं बांधणाऱ्यांना खरं तर सर्वांत उपयोगी पडते. मदतीच्या पैशाने सामान तिथेच विकत घ्यायचं, आणि कच्चा माल मात्र अडू द्यायचा नाही.

न अडू देणं म्हणजे फक्त पूल मोकळा ठेवणं नव्हे. मे २०२२ मध्ये महागाई रोखायची म्हणून केंद्राने कितीतरी पोलादी उत्पादनांवर एका रात्रीत पंधरा टक्के निर्यातशुल्क लावलं आणि नोव्हेंबरमध्ये काढून टाकलं. देशातला ग्राहक वाचवायचा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. पण असे निर्णय होतात तेव्हा समुद्रकिनारा असलेला गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे वळतो. भूवेष्टित नेपाळला वळायला जागाच नाही. तिसऱ्या देशातून माल आणायचा तरी तो कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणमला उतरवून आपल्याच रुळांवरून आणि रस्त्यांवरून न्यावा लागतो. भूगोलाने दिलेली ही मक्तेदारी आहे, आपण कमावलेली नव्हे. ती वापरताना निर्यातबंदी आणि शुल्काच्या प्रत्येक अधिसूचनेत नेपाळ-भूतानसाठी घरबांधणीच्या मालाची ठरावीक सूट लिहून ठेवावी. अपवाद मागायला त्यांच्या मंत्र्याने दर वेळी दिल्लीला यावं लागू नये. प्रमाणपत्रांचंही तेच. आपल्या मानक ब्यूरोची मोहर आणि त्यांच्या गुणस्तर तथा नापतौल विभागाची मोहर एकमेकांनी मान्य केली, तर नाक्यावरचे आठवडे वाचतील, आणि दोघांनी मिळून वजन आणि जस्त तपासलं तर पातळ मालाला पळायला जागा उरणार नाही.

चीनची भीती घालून हा मुद्दा दिल्लीत लवकर विकला जातो, म्हणून तो मी शेवटी ठेवला आहे आणि त्याला फार किंमतही देत नाही. कोडारी-तातोपानीचं नाकं २०१५ च्या भूकंपात बंद पडलं ते २०१९ मध्ये उघडलं. दरडी, हिमालय, तिबेटातलं अंतर. सळईसारखा जड, कमी किमतीचा माल तिकडून आणणं परवडत नाही. नळ, कुलपं, स्क्रू, टाइल्स येतात, येवोत. अलीगढच्या कुलुपाने आणि राजकोटच्या बिजागरीने आपला बाजार भावावर आणि टिकाऊपणावर राखावा. उलट चीन येऊ शकत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो, ही जास्त वाईट सवय आहे.

३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिम नेपाळातल्या कर्णाली प्रांतात जाजरकोट आणि पश्चिम रुकुमला हादरा बसला. दीडशेहून अधिक माणसं गेली, हजारो दगड-मातीची घरं कोसळली, पुढे पुन्हा हिवाळा. नेपाळ सरकारने तात्पुरत्या निवाऱ्यासाठी पन्नास हजार नेपाळी रुपये दोन हप्त्यांत द्यायचं ठरवलं, आणि लोक पुन्हा ताडपत्रीखाली थंडी काढू लागले. म्हणजे आठ वर्षांत पत्र्याचा साठा कर्णालीच्या पायथ्याशी कुणी करून ठेवलेला नव्हता. रुपईडिहा-नेपाळगंज हे त्या भागाचं दार. तिथे, नेपाळच्या हद्दीत आणि नेपाळच्या ताब्यात, सव्वीस गेजचा पूर्ण जस्ताचा पत्रा, आकडे-बोल्ट, वॉशर, तार आणि सळई यांचं एक कोठार असावं. माल नेपाळी कारखान्यांतून घ्यावा. तो पडून गंजू नये म्हणून स्थानिक दुकानदारांनी दरवर्षी जुना उचलून नवा भरावा. खर्च भारताने करावा. एक अब्ज डॉलरच्या घोषणेपुढे हा खर्च किरकोळ आहे, आणि तो परराष्ट्र खात्याच्या नव्या अर्थसंकल्पात बसवायला कुठल्याही परिषदेची वाट पाहावी लागत नाही.